मेटल डिटेक्टरला हेडफोन लावला पण आवाज नीट येत नाही? आधी पिनवरच्या काळ्या रेघा मोजा

डिटेक्टर नवीन घेतला, घरातलाच चांगला हेडफोन लावला आणि आवाज फक्त डाव्या कानात येतोय, असं ज्यांचं झालंय त्यांनी हेडफोन टाकून देऊ नका आणि डिटेक्टर परतही पाठवू नका, आधी एवढं करून बघा. डिटेक्टर चालू करा, कॉइलखाली, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या गोल तबकडीखाली, एखादं नाणं ठेवा, नेमकी जागा शोधायचं पिनपॉइंटचं बटण दाबून धरा म्हणजे आवाज सलग येत राहील, आणि आता दुसऱ्या हाताने हेडफोनची पिन अगदी हळूहळू निम्मी बाहेर ओढा. मध्येच एका जागी डाव्या कानातला आवाज थांबेल आणि उजव्या कानात सुरू होईल. असं झालं तर हेडफोनच्या दोन्ही बाजू ठणठणीत आहेत, डिटेक्टरही ठीक आहे, फक्त या दोघांची वायरिंग एकमेकांशी जुळत नाहीये.

हे मी स्वतः भोगलंय म्हणून एवढं ठासून सांगतेय. मी मूळची कोल्हापूरची, आता बरीच वर्षं इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहते, इकडे नांगरट झाली की शेतमालकाची परवानगी घेऊन रविवारी सकाळी डिटेक्टर घेऊन फिरणं हा पुष्कळ लोकांचा छंद आहे. आमच्याच लेस्टरशायरमध्ये हॅलटन गावाजवळ २००० साली असंच डिटेक्टरने शोधताना लोहयुगातल्या नाण्यांचा ठेवा लागला, ५ हजारांच्या वर नाणी निघाली, ती मार्केट हार्बरोच्या म्युझियममध्ये बघितली आणि मला या छंदाचं वेड लागलं. पहिला डिटेक्टर सेकंडहँड घेतला. एकाच कानात आवाज यायला लागल्यावर मला वाटलं हेडफोन गेला, दुसरा विकत घेतला, त्याचंही तेच, मग वाटलं डिटेक्टरच फसवून विकला कोणीतरी. शेवटी क्लबमधल्या एका आजोबांनी काही न बोलता माझी पिन निम्मी ओढून दाखवली आणि तीन आठवड्यांचा घोळ अर्ध्या मिनिटात सुटला. तेव्हापासून क्लबमध्ये नवीन आलेल्यांचे हेडफोन मीच बघून देते आणि बहुतेक वेळा त्यात काहीच बिघडलेलं नसतं.

हेडफोन कशाला, स्पीकर आहे की, असं काही जण म्हणतात. त्यांना एकच सांगते. १२७९ च्या आधी इंग्लंडमध्ये सुट्टे पैसे म्हणून चांदीची पेनी कात्रीने कापून तिचे दोन किंवा चार तुकडे करायचे, त्यातला चौथाई तुकडा करंगळीच्या नखाएवढा असतो आणि पातळ कागदासारखा. तो जमिनीत वीतभर खाली असेल तर डिटेक्टर जेमतेम एक बारीक चिवचिव करतो. मोकळ्या शेतात वारा सुटलेला असताना ती चिवचिव स्पीकरवर ऐकू येतच नाही. शिवाय स्पीकर बॅटरी जास्त खातो आणि शेजारच्यालाही त्रास.

सामान काय लागेल

साधा डिजिटल मल्टिमीटर, सगळ्यात स्वस्तातला चालेल, फक्त त्याला २०० ओहमची रेंज आणि कंटिन्युइटी हवी, म्हणजे दोन जागा आतून जोडलेल्या असल्या की बीप वाजवायची सोय. एक छोटी टॉर्च. डिटेक्टरचं मॅन्युअल, कागदी नसेल तर कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या. आणि जो चालतोच अशी खात्री आहे असा एक साधा स्टिरिओ हेडफोन, माइक नसलेला. सोल्डरिंग गन लगेच काढू नका, तिची वेळ आली तर शेवटी.

पायरी १ : पिन हातात घेऊन नीट बघा

पिनच्या बाबतीत दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि नवीन माणसाची गल्लत इथेच होते. एक म्हणजे जाडी आणि दुसरी म्हणजे वायरिंग. जाडी दोन प्रकारची, मोबाइलला लागते ती बारीक ३.५ मिमीची आणि गिटारला किंवा अँप्लिफायरला लागते ती जाड ६.३५ मिमीची, हिलाच लोक पाव इंची पिन म्हणतात. वायरिंग मात्र जाडीवरून कळत नाही, ती कळते पिनवरच्या काळ्या रेघांवरून. या रेघा म्हणजे प्लास्टिकचे इन्सुलेशनचे कडे असतात, प्रत्येक रेघ दोन धातूचे भाग एकमेकांपासून तोडते.

एकच रेघ असेल तर धातूचे भाग दोन, टोक आणि बूड, म्हणजे मोनो पिन. दोन रेघा असतील तर भाग तीन, टोक म्हणजे डावा कान, मधली रिंग म्हणजे उजवा कान आणि बूड म्हणजे दोघांची कॉमन वायर जिला आपण ग्राउंड म्हणतो, ही स्टिरिओ पिन. आणि तीन रेघा असतील तर चार भाग, ही मोबाइलच्या माइकवाल्या हेडसेटची पिन, हिच्यात चौथा भाग माइकचा असतो आणि डिटेक्टरसाठी सगळ्यात जास्त गोंधळ हीच घालते, तिच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

दुकानात मिळणारा बारीक ते जाड असा साधा कन्व्हर्टर फक्त जाडी बदलतो, वायरिंग जशी आहे तशीच पुढे पाठवतो. म्हणून ‘मी कन्व्हर्टर लावला तरी एकाच कानात येतंय’ असं कोणी म्हटलं की मी आधी त्या कन्व्हर्टरच्या रेघा बघते.

पायरी २ : डिटेक्टरचं भोक कोणतं आहे ते ओळखा

मॅन्युअलमध्ये जाडी नक्की दिलेली असते. गॅरेटच्या एस (ACE) सिरीजला जाड ६.३५ मिमीचं सॉकेट आहे, माइनलॅबच्या इक्विनॉक्सला बारीक ३.५ मिमीचं. गॅरेट एटी प्रोसारख्या पाण्यात चालणाऱ्या डिटेक्टरला कंपनीचंच वेगळं गोल कनेक्टर आहे, त्याला साधी पिन लागतच नाही, कंपनीची अडॅप्टर केबल घ्यावी लागते, नोक्ताच्या सिम्प्लेक्सचंही तसंच. एक्सपी ड्यूसचा हेडफोन तर वायरशिवायच चालतो. तुमचं मशिन पाण्यात चालणाऱ्या प्रकारातलं असेल तर कापाकापी करायला जाऊ नका, पाणी अडवणारं सील एकदा गेलं की गेलं.

मॅन्युअलमध्ये मोनो का स्टिरिओ हे लिहिलं नसेल तर चालणारा स्टिरिओ हेडफोन पूर्ण आत घालून बघा. दोन्ही कानात सारखा आवाज आला तर सॉकेट स्टिरिओ आहे आणि डिटेक्टरने आतल्या आत तोच आवाज टोकाला आणि रिंगला दोन्हीकडे दिलाय. फक्त डाव्या कानात आला आणि वरची निम्मी पिन ओढायची युक्ती लागू पडली तर सॉकेट मोनो आहे, त्याच्या आत दोनच पत्त्या आहेत, रिंगला शिवणारी पत्तीच नाही. जाड सॉकेटमध्ये टॉर्च मारली तर या पत्त्या डोळ्यांनी दिसतातही.

उलटा प्रयोग मात्र आधी करू नका, म्हणजे सॉकेट कोणतं ते माहीत नसताना मोनो पिन घालून बघू नका. मोनो पिनचं बूड लांब असतं, स्टिरिओ सॉकेटमध्ये ते रिंगच्या पत्तीलाही शिवतं आणि तिला थेट ग्राउंडला जोडतं. डिटेक्टरने टोक आणि रिंग आतून एकत्र केलेले असतील तर सगळाच आवाज शॉर्ट होतो आणि हेडफोन अगदी मुका पडतो. एखाद्या मिनिटाने बहुधा काही बिघडत नाही, पण आतल्या छोट्या अँप्लिफायरवर उगाच ताण कशाला. जुना वडिलोपार्जित मोनो हेडफोन नव्या डिटेक्टरला लावल्यावर चिडीचूप, पण जुन्या डिटेक्टरवर मस्त वाजतो, याचं कारण बहुतेक हेच असतं.

पायरी ३ : लक्षण काय आहे त्यावरून पुढे जा

एकाच कानात आवाज. स्टिरिओ हेडफोन आणि मोनो सॉकेट ही जोडी जमली की हे होणारच, आणि हीच सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार. यावर उपाय म्हणजे मोनो पिन आणि स्टिरिओ सॉकेट असलेला अडॅप्टर, ज्याच्या आत टोक आणि रिंग एकत्र जोडलेले असतात. पण घेताना सावध राहा कारण काही स्वस्त अडॅप्टर दिसायला तसेच असतात आणि आतून फक्त डावी बाजूच पुढे नेतात, त्यांनी काहीच फरक पडत नाही. खरा का खोटा ते कसं मोजायचं ते पुढच्या पायरीत सांगते.

आवाज येतोय पण पोकळ, लांबून कुठूनतरी आल्यासारखा. इथे मोबाइलचा माइकवाला हेडसेट हा पहिला संशयित. गेल्या शरद ऋतूत एका शेतावर माझ्या बाजूला चाललेल्या मुलाचं असंच होत होतं, मोबाइलवर गाणी एकदम छान आणि डिटेक्टरवर मात्र विहिरीतून आल्यासारखा आवाज. मी त्याला म्हटलं वायरवरचं फोन उचलायचं बटण दाबून धर, त्याने दाबलं आणि लगेच आवाज भरून आला, सोडलं की परत पोकळ. त्याच्या पिनच्या बुडाला ग्राउंड नव्हताच, माइक होता, ग्राउंड त्याच्या वरच्या रिंगला होता. डिटेक्टरच्या सॉकेटची ग्राउंडची पत्ती पिनच्या बुडाला शिवते, म्हणजे ग्राउंड माइकमधून वाट काढत जात होता, आणि ते बटण दाबलं की माइकची वायर ग्राउंडला जोडली जाते म्हणून आवाज नीट येत होता. जुन्या काही हेडसेटमध्ये माइक आणि ग्राउंडची जागा याच्या उलट असते, ते इथे चालून जातात, त्यामुळे ‘माझ्या मित्राचा चालला’ या भरवशावर राहू नका. असा हेडसेट वापरायचाच असेल तर माइक वेगळा काढणारा दोन शेपट्यांचा अडॅप्टर मिळतो, त्याची हेडफोनची खूण असलेली शेपटी लावा. माझं मत विचाराल तर डिटेक्टरसाठी माइकवाला हेडसेट नकोच.

डिटेक्टरवर आवाज अजिबातच येत नसेल तर त्याचं एक कारण म्हणजे साध्या स्टिरिओ हेडफोनची कॉमन वायर तुटलेली असणं. हे ओळखायला तो मोबाइलला लावा आणि कुठलंही गाणं लावा. गाणाऱ्याचा आवाज गायब झाला आणि मागची वाद्यं तेवढी विचित्र ऐकू येत असतील तर कॉमन वायर तुटली म्हणून समजा. कारण गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच असतो, कॉमन वायर नसली की दोन्ही कानांमधून फक्त डाव्या उजव्याचा फरक वाजतो, आणि जे दोन्हीकडे सारखं आहे ते कटून जातं. डिटेक्टर तर टोकाला आणि रिंगला एकच आवाज देतो, म्हणजे फरक शून्य, म्हणून हाच हेडफोन मोबाइलवर निदान काहीतरी वाजतो आणि डिटेक्टरवर पार मुका होतो. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा इतका आनंद झाला होता की त्या दिवशी घरातले सगळे जुने हेडफोन काढून तपासले.

स्पीकर आणि हेडफोन दोन्ही एकदम वाजतात, किंवा हेडफोन काढला तरी स्पीकर मुकाच राहतो. पिन पूर्ण आत गेली की ती सॉकेटमधली एक पत्ती उचलते आणि स्पीकर कापला जातो, बऱ्याच डिटेक्टरमध्ये ही अशी साधी यांत्रिक सोय असते. दोन्ही वाजत असतील तर पिन शेवटपर्यंत गेलेली नाही, बहुतेक वेळा पिनचं प्लास्टिक जाड असतं आणि भोकाभोवतीच्या रबरी झाकणाला अडतं, बारीक मानेची पिन घ्या. आणि स्पीकर परत येत नसेल तर ती पत्ती चिकटलीये किंवा माती गेलीये, डिटेक्टर बंद करून पिन दहाबारा वेळा आतबाहेर करा, नाहीच झालं तर पिनला थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर लावून परत करा. स्प्रे थेट भोकात मारू नका.

खरखर होणं, हलवलं की आवाज येणं जाणं, हे साधं लूज कनेक्शन, ते मीटरवर सापडतं.

पायरी ४ : मीटर लावा

हेडफोन कशालाही न जोडता टेबलावर ठेवा, त्याच्यावर आवाज कमीजास्त करायचं चाक असेल तर ते पूर्ण फिरवून मोठ्या आवाजावर ठेवा, मीटर २०० ओहमवर. आधी मीटरच्या दोन्ही सुया एकमेकांवर टेकवून बघा, शून्याच्या जवळ काहीतरी दिसेल, तेवढं वजा धरायचं.

आता एक सुई पिनच्या टोकाला आणि दुसरी बुडाला. समजा हेडफोनवर ३२ ओहम लिहिलंय तर इथे ३२ च्या आसपास काहीतरी यायला हवं, अगदी तोच आकडा येणार नाही. टेकवताना डाव्या कानात बारीकशी टिक ऐकू येईल, ती आली म्हणजे तो स्पीकर जिवंत आहे. मग रिंग आणि बूड, हा उजवा कान, आकडा साधारण तेवढाच. मग टोक आणि रिंग, इथे दोघांची बेरीज म्हणजे ६४ च्या जवळपास. तिन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा, हे तीन आकडे म्हणजे हेडफोनची कुंडलीच आहे.

टोक आणि रिंगमध्ये ६४ येतंय पण बुडाबरोबर कुठेच काही येत नाही, मीटर कोरा राहतो, तर कॉमन वायर तुटली. एका बाजूचा आकडा येतो आणि दुसरीचा नाही, तर त्या कानाची वायर गेली. कुठेही शून्य किंवा एखादा ओहम आला तर तिथे दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात, फक्त एक अपवाद लक्षात ठेवा, टोक आणि रिंगमध्ये शून्य आणि दोघांचंही बुडाशी सारखंच मोजमाप येत असेल तर तो मुद्दाम तसा बनवलेला मोनो हेडफोन आहे ज्याला स्टिरिओ पिन लावलीये. असा हेडफोन दोन्ही प्रकारच्या सॉकेटला चालतो. काही हेडफोनच्या कपावर मोनो स्टिरिओचं छोटं बटण पण असतं, ते आहे का आधी बघा, कितीतरी वेळा तेवढंच सरकवायचं असतं.

आकडा येत असताना वायर पिनपासून वरपर्यंत हळूहळू वाकवत जा. जिथे आकडा उड्या मारायला लागेल तिथे आत तुटलंय. बहुतेक करून पिनपासून दोन बोटांवर, नाहीतर वायर कपात शिरते तिथे.

अडॅप्टर तपासायचा असेल तर हेडफोन त्यात घाला आणि अडॅप्टरच्याच पिनवर टोक आणि बूड मोजा. दोन्ही कान समांतर जोडले गेले असतील तर ३२ चे १६ होतील. ३२ च आलं तर तो अडॅप्टर फक्त डाव्या कानाचा आहे, परत करा. आणि मोनो हेडफोन स्टिरिओ सॉकेटला लावायचा अडॅप्टर असेल तर त्याच्या पिनची रिंग आणि बूड कंटिन्युइटीवर बघा, बीप वाजली तर तो रिंगला ग्राउंडला जोडतोय, घेऊ नका. ज्याच्यात रिंग मोकळी सोडलीये तो सगळ्यात सुरक्षित, कारण काही नवीन मशिनमध्ये डाव्या उजव्याला वेगळे आवाज असतात आणि ते दोन आउटपुट एकमेकांना बांधणं बरं नाही.

दोन कान समांतर जोडल्यावर १६ ओहम होतात हे सहज सोडून देऊ नका. ओहम कमी म्हणजे अँप्लिफायरला करंट जास्त द्यावा लागतो, अशक्त अँप्लिफायर मग मोठ्या आवाजावर फाटतो आणि बॅटरीही लवकर संपते. मॅन्युअलमध्ये किती ओहमचा हेडफोन लावा ते दिलं असेल तर तेच पाळा. आवाज जास्त वाटला तर स्वतःचं चाक असलेला हेडफोन घ्या, कारण नांगराचा तुटलेला फाळ एकदम कॉइलखाली आला की मशिन किंचाळतं, आणि दिवसभर तसं कानावर घेणं चांगलं नाही.

पायरी ५ : पिन बदलायचीच असेल तर

वायर पिनजवळ तुटली असेल तर नवीन पिन लावणं अर्ध्या तासाचं काम आहे. तुटक्या जागेच्या दोन बोटं वर कापा. आणि सोल्डर मारायच्या आधी नवीन पिनचं झाकण आणि हीट श्रिंकची, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी वायरमध्ये ओवून घ्या, नाहीतर सगळं सुंदर झाल्यावर परत उखडावं लागतं.

हेडफोनच्या वायरी आतून केसांसारख्या बारीक असतात, त्यात दोऱ्याचे तंतूही मिसळलेले असतात आणि प्रत्येक तारेवर रंगीत व्हार्निश चढवलेलं असतं. सोल्डर का चिकटत नाही म्हणून नवीन माणूस हैराण होतो ते या व्हार्निशमुळे. गन चांगली तापवा, टोकावर सोल्डरचा एक थेंब घ्या आणि तारेचं टोक त्या थेंबात तीनचार सेकंद बुडवून धरा, व्हार्निश जळून धूर निघेल आणि तार चकचकीत होईल. खिडकी उघडी ठेवा. लायटरने जाळायचा सल्ला सगळेच देतात पण त्याने तांबं ठिसूळ होतं आणि तिथेच परत तुटतं.

रंग साधारण असे असतात, लाल उजवा, हिरवा किंवा निळा डावा, नुसतं तांब्याच्या रंगाचं ते कॉमन. पण रंगावर विश्वास ठेवू नका, मीटर लावा, टिक कोणत्या कानात येते ते ऐका आणि मगच ठरवा. जाड पिन उघडली की आत वायर जोडायचे पत्र्याचे कान दिसतात, सगळ्यात लांब ज्याला वायर धरायचा चिमटा असतो ते बूड, बाकी छोटे ते टोक आणि रिंग, कोणतं कोणाचं ते पण कंटिन्युइटीवर बघून घ्या. मोनो सॉकेटसाठी कायमचंच करायचं असेल तर मोनो पिन घ्या, लाल आणि हिरवा एकत्र पिळून टोकाला, तांब्याचा बुडाला, झालं. झाकण लावायच्या आधी परत मोजा, १६ यायला हवेत.

ब्लूटूथने सगळं सुटेल का

नाही. साध्या ब्लूटूथ हेडफोनला आवाज पोचायला १०० ते २०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. कॉइल सेकंदाला एक मीटर फिरवत असाल तर २०० मिलिसेकंदात ती २० सेंटिमीटर पुढे गेलेली असते, म्हणजे आवाज येतो तेव्हा नाणं मागे राहिलेलं असतं आणि तुम्ही भलतीकडेच खणता. ॲप्टएक्स लो लेटन्सी नावाच्या प्रकारात हा उशीर ४० मिलिसेकंदच्या आसपास येतो, तो चालतो, पण तो डिटेक्टर आणि हेडफोन दोन्हीत असायला हवा. आणि मशिन पाण्याखाली गेलं की हा रेडिओ सिग्नल पोचतच नाही, तिथे वायरच लागते आणि तीही पाण्यासाठीच बनवलेल्या हेडफोनची.

शेतात जायच्या आधी

इंग्लंड आणि वेल्समध्ये जमिनीच्या मालकाची परवानगी लागतेच, ती लेखी घ्या. संरक्षित स्मारकाच्या जागेवर डिटेक्टर चालवणं गुन्हा आहे. लंडनला थेम्सच्या काठावर पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचं परमिट लागतं. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे ठेवा सापडला की १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागतं, सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद घेणारा भागातला फाइंड्स लायझन ऑफिसर यात मदत करतो. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.

गावाकडून मला बरेचदा फोन येतो, ताई तुझं मशिन घेऊन ये, पन्हाळ्यावर फिरवू. नाही, बिलकुल नाही. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे, जमिनीत १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं की कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे, आणि संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय खणणं हा १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी गडावरचं नाणं कोणत्या थरात, कशाच्या शेजारी पडलं होतं हीच त्याची खरी माहिती असते, आपण ते उपटून खिशात टाकलं की ती माहिती कायमची गेली. मला गडांबद्दल जीव तुटतो म्हणून हे इथे लिहिलं.

शेवटची पायरी : घरीच नाण्यावर ऐकून बघा

सगळं जुळलं की लाकडी टेबलाच्या कडेबाहेर कॉइल धरा, टेबलात खिळे नाहीत ना ते बघा, आणि कॉइलसमोरून एखादं छोटं नाणं हलवा. आधी कमी आवाजावर, मग वाढवत. मग नाणं लांब लांब नेत जा, आवाज अगदी पुसट होईपर्यंत, आणि तो पुसट आवाज दोन्ही कानात सारखाच येतोय का ते डोळे मिटून ऐका. एका बाजूला झुकत असेल तर परत पिन फिरवून बघा, पूर्ण आत आहे का, कुठे खरखरते का.

मग हेडफोनची वायर मुद्दाम कॉइलजवळ न्या. मशिन उगाच बीप करायला लागेल, कारण वायरही धातूच आहे आणि हेडफोनमध्ये लोहचुंबक असतात. म्हणून शेतात वायर कधी पायाकडे लोंबू द्यायची नाही आणि विश्रांतीला बसताना हेडफोन कॉइलवर ठेवायचा नाही. वायर हाताच्या आधाराजवळून वर घ्या, पिनपाशी एक सैल वळसा सोडा, वाकून खणताना झटका पिनला न बसता वळशाला बसेल, आणि वेल्क्रोच्या पट्टीने तिथेच दांड्याला बांधून टाका. तपासलेला अडॅप्टर एक जास्तीचा घ्या आणि तो नाणी ठेवायच्या डबीत नको, वेगळ्या खिशात, नाहीतर चिखलात हात घातल्यावर पहिला तोच पडतो.